आयएसओ २०० असूनही फोटोत दाणे: दोष कॅमेऱ्याचा की उजेडाचा?

प्रश्न साताऱ्याजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या एका सरांचा आहे. त्यांच्याकडे सात-आठ वर्षांचा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणारी चिप रोलच्या चौकटीपेक्षा लहान असलेला, डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे. कासच्या पठारावर धुक्यात काढलेले फुलांचे फोटो, मे महिन्यात रात्री साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या ठिकाणावरून काढलेले शहराच्या दिव्यांचे फोटो आणि भाचीच्या हळदीला मंगल कार्यालयात काढलेले फोटो, या तिन्हींत दाणे दिसतात. कासला तर आयएसओ (फोटो किती उजळ करायचा ते ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) फक्त २०० होता. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं की सेन्सर गेलाय, नवीन बॉडी घ्या. ‘खरंच सेन्सर गेलाय का?’ असं ते विचारतात.

सर, नमस्कार. तुमचे फोटो मोठे करून पाहिले, फाइलमधले आकडेही वाचले. सेन्सर गेलेला नाही. एवढं मी सुरुवातीलाच सांगतो, कारण हे ऐकून चाळीस-पन्नास हजारांचा खर्च करून बसलेली आणि नव्या कॅमेऱ्यातही तेच दाणे घेऊन परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. साताऱ्यात गेली २६ वर्षं लग्नं, यात्रा आणि पावसाळ्यात फुलं टिपतो आहे. त्यातली पहिली काही वर्षं रोलवर गेली. तुमच्या तिन्ही फोटोंना तुम्ही एकच नाव दिलंय, ‘दाणे’. पण ते तीन वेगळे आजार आहेत, आणि त्यातल्या एकाचा तर दाण्यांशी फारसा संबंधच नाही.

आधी कासचा फोटो घेऊ, कारण खरी गोम तिथे आहे. ‘आयएसओ कमी ठेवला तरी नॉइज, म्हणजे हे दाणे, का?’ हा प्रश्न पडतो, कारण आपल्याला शिकवलेलंच असतं की आयएसओ वाढला की नॉइज येतो. हे अर्धंच खरं आहे. नॉइज येतो तो उजेड कमी पडल्यामुळे. आयएसओ वाढवायची वेळ उजेड कमी पडल्यावरच येते, म्हणून दोघं नेहमी जोडीने दिसतात आणि दोष आयएसओच्या माथी बसतो.

अंगणात शेजारी शेजारी शंभर वाट्या मांडल्यात असं समजा. माणदेशात पडते तशी भुरभुर आली तर एका वाटीत तीन थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात, तिसरीत एकच. पाऊस सगळीकडे सारखाच होता, तरी वाट्या सारख्या भरणार नाहीत. त्याच वाट्या आषाढात महाबळेश्वरला तासभर ठेवल्या तर सगळ्या जवळपास सारख्या भरतील. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही अशी वाटी आहे आणि प्रकाशाचे कण म्हणजे थेंब. सरासरी १०० कण पडले तर एका पिक्सेलपासून दुसऱ्यात साधारण १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडले तर फरक १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. सपाट राखाडी ढगात तुम्हाला जे तांदळाच्या कण्यांसारखं दिसतं, ते मुख्यतः हेच आहे. कॅमेरा कितीही महाग घ्या, उजेडाचा हा स्वभाव बदलत नाही.

आयएसओचं काम त्यानंतर सुरू होतं. वाटीत जमलं ते जमलं. आयएसओ ते पाणी वाढवत नाही, जमलेल्याचा आकडा मोठा करून सांगतो. कीर्तनकाराचा आवाज बसला असेल आणि तुम्ही अँप्लिफायर चढवला, तर आवाजाबरोबर घशातली खरखरही मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, तसंच हे.

आता तुमचे आकडे बघा. एफ ११ (लेन्स किती उघडी ते सांगणारा आकडा; तो जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), शटर १/२५० सेकंद, आयएसओ २००. शिवाय ओल्या पानांवरची चकाकी घालवायला पोलरायझर लावला होता, असं तुम्ही लिहिलंय. उन्हाचा जुना हिशेब आमच्या रोलच्या काळापासून पाठ आहे: कडक उन्हात एफ १६ ला शटरचा आकडा आयएसओइतका ठेवायचा. म्हणजे आयएसओ २०० ला एफ १६ आणि १/२००, किंवा तेच एफ ११ आणि १/४००. तुम्ही ठेवलेलं एक्स्पोजर कडक उन्हाला पुरेलच, वर थोडं उरेल. ज्या व्हिडिओवरून तुम्ही हे आकडे घेतलेत, त्यात सांगणाऱ्याने बहुधा ते उन्हातच सांगितले असतील. पण तुम्ही गेलात सप्टेंबरच्या सकाळी, पठारावर ढग उतरलेले असताना. दाट ढगांत उजेड उन्हापेक्षा सुमारे तीन स्टॉप कमी असतो. एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड, तीन स्टॉप म्हणजे आठवा हिस्सा. उन्हातली ती थोडी शिल्लक वजा केली तरी तुम्ही सव्वादोन-अडीच स्टॉप मागे राहिलात. पोलरायझरने आणखी दीड खाल्ला. सगळं मिळून जवळपास चार स्टॉप, म्हणजे जेवढा उजेड हवा होता त्याचा सोळावा हिस्सा.

तुम्हीच लिहिलंय की पडद्यावर फोटो काळसर दिसला, पण धुक्याचा माहोल म्हणून तसाच ठेवला आणि घरी येऊन मोबाइलवर उजळला. २०० ला सोळाने गुणलं की ३२०० येतात. तो फोटो नावालाच आयएसओ २०० चा आहे, उजेडाच्या हिशेबाने तो ३२०० चा आहे. खरं तर ३२०० पेक्षाही वाईट, कारण तुमची फाइल जेपेग आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, त्या १६,३८४ असतात. अंधाऱ्या भागाच्या वाट्याला जेपेगमध्ये मोजक्याच पायऱ्या आलेल्या, त्या ओढून ताणून उजळल्या की दाण्यांबरोबर डाग आणि ठिगळंही दिसतात. तेरड्याच्या गुलाबी रंगात तुम्हाला जे चट्टे दिसताहेत ते त्यामुळे.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. वारा असतो म्हणून शटर १/२५० च ठेवा, कासला फुलं एक क्षण स्थिर राहत नाहीत. एफ ११ चं एफ ५.६ करा, दोन स्टॉप परत मिळाले. पोलरायझर काढा, दीड मिळाला. राहिला पाव स्टॉप, तो आयएसओ २५० ने भरून निघतो. तेच पठार, तेच धुकं, तोच कॅमेरा, आणि फोटो स्वच्छ. पानांवरची चकाकी खरंच फार असेल तर पोलरायझर राहू द्या आणि आयएसओ बिनधास्त ८०० करा. पुरेसा उजेड देऊन काढलेला ८०० चा फोटो अंधारात ठेवलेल्या २०० पेक्षा कधीही सरस येतो. गेंद या फुलाची पांढरी बोंडं चौकटीत असतील तर एवढंच बघा की पांढरा भाग फटफटीत होऊन त्यातला तपशील जात नाही ना.

एफ ५.६ ला सगळं फूल धारदार येणार नाही, ही तुमची शंका असणार, आणि ती रास्त आहे. पण कॅमेरा फुलाच्या पातळीत आणून सेन्सर पाकळ्यांना समांतर धरला तर ५.६ लाही बरंच काही पकडता येतं. त्यासाठी बसावं लागतं, कधी पायवाटेवर आडवं व्हावं लागतं. फुलांच्या गालिच्यात पाय मात्र टाकायचा नाही. पश्चिम घाटासोबत २०१२ साली कास जागतिक वारशात गेलं, त्याआधीपासून आम्ही तिथे जातो आहोत, आणि एका चांगल्या कोनासाठी तुडवलेली ‘सीतेची आसवं’ ही फुलं पाहून आजही जीव तुटतो. वाटेवरून मिळेल तेवढंच टिपावं.

पडद्यावर विश्वास ठेवू नका, हेही याच प्रकरणातलं आहे. धुक्यात भोवताल मंद असतो, त्यामुळे मागचा पडदा आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख, उघडा. डोंगरासारखी ती आकृती सगळी डाव्या भिंतीला चिकटली असेल तर फोटो उपाशी आहे. धुक्यात काळं असं जवळपास काही नसतंच, म्हणून तो डोंगर मधोमध किंवा किंचित उजवीकडे यायला हवा. तुमच्या फाइलमध्ये तो पूर्ण डावीकडे आहे.

कॅमेऱ्यात आणखी एक सोय असते, ती गुपचूप सावल्या उजळते. निकॉनमध्ये तिला अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग म्हणतात, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीमध्ये डीआरओ. जेपेग काढणाऱ्याला वाटतं आपण काहीच केलेलं नाही, तरी कोपऱ्यातल्या सावल्यांत दाणे कसे? कॅमेऱ्याने आतल्या आत तो भाग वर ओढलेला असतो. ती सोय बंद करून एकदा पाहा.

आणि डीहेझ. धुक्याच्या फोटोवर हा स्लायडर ओढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. धुकं म्हणजे उजेड-अंधारातलं अंतर कमी झालेलं असतं. डीहेझ ते अंतर ताणतो आणि त्याबरोबर एका पिक्सेलचा शेजारच्यापासूनचा तो १० टक्क्यांचा फरकही ताणतो. क्लॅरिटी आणि शार्पनिंगचंही तेच आहे. तुम्ही मोबाइलवर तिन्ही लावलेत. फोटो सुधारायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगखाली मास्किंग नावाचा स्लायडर आहे. संगणकावर ऑल्ट दाबून तो सरकवला की शार्पनिंग कुठे लागणार ते पांढऱ्या रेषांत दिसतं. फक्त पाकळ्यांच्या कडा पांढऱ्या राहतील इतका तो पुढे न्या, म्हणजे मागच्या सपाट धुक्याला धार लागत नाही. धुकं काढायचंच कशाला, असं मला तर नेहमी वाटतं. ते बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात.

आयएसओ वाढवण्याची भीती किती महागात पडते हे मी एका लग्नात शिकलो. कोरेगाव तालुक्यातलं गाव, गोरज मुहूर्त, मांडव उघडा आणि उजेड मिनिटामिनिटाला उतरत होता. माझा पहिला डिजिटल कॅमेरा होता आणि रोलची सवय डोक्यात घट्ट होती, ४०० च्या वर जायचं नाही. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचे सगळे फोटो दोन-अडीच स्टॉप अंधारे आले. अल्बमसाठी ते उजळले तेव्हा नवरीच्या शालूचा हिरवा रंग मळकट झाला आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसायला लागलं. १६०० वर काढले असते तर ते फोटो छापण्याजोगे झाले असते. त्या घरातली मंडळी काही बोलली नाहीत, पण तो क्षण त्यांना परत देता येणार नव्हता. तेव्हापासून दाण्यांना घाबरून मी फोटो अंधारा ठेवलेला नाही.

आता चार भिंतीवरचा फोटो. ३० सेकंद, आयएसओ ८००, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दृश्य) चालू ठेवून एकापाठोपाठ चाळीसेक फोटो, मे महिना. आकाशात आणि अजिंक्यताऱ्याच्या काळ्या उतारावर लाल, निळे, हिरवे ठिपके. तुम्हाला हे कासच्या दाण्यांसारखंच वाटलं, पण दोन फोटो एकावर एक ठेवून बघा. कासच्या प्रत्येक फोटोत दाणे जागा बदलतात. इथले ठिपके जागचे हलत नाहीत. चाळीसही फोटोंत तोच लाल ठिपका त्याच ठिकाणी आहे. हे हॉट पिक्सेल.

सेन्सर गरम झाला की उजेड नसतानाही पिक्सेलमध्ये थोडा विद्युतभार साठत जातो. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की हा साठा दुप्पट होतो, आणि शटर जितका वेळ उघडं तितका तो वाढतो. सगळे पिक्सेल सारखे नसतात, काही जास्त गळके असतात. १/२५० सेकंदात त्यांची गळती कळत नाही, ३० सेकंदांत ते दिव्यासारखे पेटतात. दिवसभर तापलेला कातळ, त्यावर मे महिन्यातली रात्र, लाइव्ह व्ह्यूने तासभर जागा ठेवलेला सेन्सर. ठिपके आले नसते तर नवल वाटलं असतं. वय झालेल्या सेन्सरवर असे पिक्सेल हळूहळू वाढतात, म्हणून जुन्या कॅमेऱ्यात ते जास्त दिसतात. पण त्याला सेन्सर जाणं म्हणत नाहीत.

मेनूमध्ये लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन शोधा आणि चालू करा. मग कॅमेरा ३० सेकंदांच्या फोटोनंतर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो काढतो, त्यात नुसते ठिपके येतात, आणि ते पहिल्यातून वजा करतो. या काळात कॅमेरा अडकल्यासारखा वाटतो. तो अडकलेला नसतो, बॅटरी काढू नका. ताऱ्यांच्या रेषा काढायच्या असतील तर मात्र ही सोय बंदच ठेवावी लागते, कारण मधल्या थांब्यांमुळे रेषा तुटतात. तेव्हा शेवटी लेन्सला टोपी लावून तेवढ्याच वेळाचे चार-पाच काळे फोटो स्वतः काढून ठेवायचे आणि घरी वजा करायचे.

शहराच्या दिव्यांसाठी तुम्हाला ८०० ची गरजही नव्हती. कॅमेरा तिवईवर आहे, पोवई नाका कुठे पळून जात नाही. आयएसओ १००, एफ ८ आणि शटर १५ ते ३० सेकंदांच्या मध्ये कुठेतरी, दिवे पांढरे फटफटीत होत नाहीत तोवर. फोटोच्या मध्ये लाइव्ह व्ह्यू बंद करा, कॅमेऱ्याला मिनिटभर गार होऊ द्या. आकाशातले उरलेले दाणे आणखी कमी करायचे असतील तर एकाच चौकटीचे १६ फोटो काढून संगणकावर त्यांची सरासरी घ्या. फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाइतके दाणे घटतात, म्हणजे १६ फोटोंत चौथा हिस्सा राहतो. चार फोटोंत निम्मा. गणिताचे सर असाल तर हे वर्गात दाखवण्याजोगं आहे.

ऑलिंपससारख्या कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंग नावाचा पर्याय असतो, तो गळके पिक्सेल ओळखून त्यांच्या जागी शेजाऱ्यांची सरासरी भरतो. तुमच्या कॅमेऱ्यात तो नसेल तर सेवा केंद्रात करून मिळतो. रॉ फाइल उघडणारी बरीचशी सॉफ्टवेअर हे ठिपके आपोआप पुसतात, हे रॉ वापरण्याचं आणखी एक कारण.

हळदीच्या फोटोत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आडवे, उजळ-काळसर पट्टे आहेत, त्यांना दाणे म्हणूच नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंद होतात. डोळ्याला कळत नाही. तुमचं शटर १/१००० होतं. एवढ्या वेगात शटरची फट सेन्सरवरून खाली सरकत जाते, फोटोचा एक भाग दिवा उजळ असताना टिपला जातो आणि दुसरा मंद असताना. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असलेल्या कॅमेऱ्यांत हे पट्टे आणखी ठळक येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला दिव्याची पूर्ण एक किंवा दोन आवर्तनं मिळतात आणि पट्टे जातात. कार्यालयात शिरल्याबरोबर माझं पहिलं काम हेच असतं, १/१०० वर एक आणि १/५०० वर एक फोटो काढून दिवे कसे आहेत ते बघणं.

दुसरी गोष्ट खऱ्या दाण्यांची. १/१००० हे सकाळी पोरं अंगणात धावत होती तेव्हाचं शटर, ते तसंच राहिलं. ऑटो आयएसओ चालू होता, म्हणून कॅमेऱ्याने बिचाऱ्याने १२,८०० गाठला. फक्त शटर १/१०० केलं असतं तर उजेड दहापट झाला असता आणि आयएसओ १२५० च्या आसपास उतरला असता. हळद लावताना माणसं बसलेली असतात, १/१०० पुरतं. हात येतो-जातो तेव्हा किंचित हलतो, तर हलू दे, त्यातच हळदीची लगबग दिसते. ऑटो आयएसओ वाईट नाही, मी रोज वापरतो. त्याला कमाल मर्यादा घालून ठेवा आणि जागा बदलली की शटरकडे नजर टाका.

दाणे सगळ्यात जास्त दिसतात ते मामींच्या निळ्या साडीत आणि काळ्या केसांत. सजावटीचे पिवळे बल्ब होते ना, त्यांच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो. आपण व्हाइट बॅलन्स लावून तो पिवळेपणा काढतो, म्हणजे कॅमेरा निळ्या रंगाचा आकडा जबरदस्तीने वाढवतो. निळा रंग आधीच उपाशी, त्यात ताणलेला. म्हणून रात्रीच्या समारंभात निळं आणि जांभळं वस्त्र आधी बिघडतं, पिवळं-लाल टिकून राहतं. शक्य असेल तिथे छतावर टाकलेल्या फ्लॅशचा थोडा उजेड द्यावा, पण मग फ्लॅशवर पिवळसर जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावावी लागते, नाहीतर चेहरा एका रंगाचा आणि मागचा मांडव दुसऱ्या रंगाचा होतो.

खर्च करायचाच असेल तर बॉडीवर करू नका, लेन्सवर करा. तुमची १८-५५ लेन्स ५५ ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते, जुनीही चांगली मिळते. ५.६ पासून १.८ पर्यंत उजेड जवळपास साडेनऊपट होतो, सव्वातीन स्टॉपांचा फायदा. क्रॉप सेन्सर सोडून फुल फ्रेमला, म्हणजे रोलच्या चौकटीएवढ्या सेन्सरला, गेलात तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीचपट होतं, म्हणजे फायदा फक्त सव्वा स्टॉपाचा, आणि पैसे कित्येक पट. एफ १.८ ला एक डोळा धारदार आणि दुसरा मऊ होतो, म्हणून दोन माणसं असतील तर २.८ पर्यंत बंद करा. तरीही आत्तापेक्षा चौपट उजेड मिळेल. फक्त लेन्स घेताना एवढं विचारा की तुमच्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालतो ना. काही प्राथमिक बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते.

दाण्यांसारख्या दिसणाऱ्या काही गोष्टींनीही घोटाळा होतो. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळलेला असताना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पाडला की फोटोभर गोल पिवळे-पांढरे ठिपके येतात. ते लेन्सजवळच्या हळदीच्या कणांवरून परतलेला उजेड असतो. कासच्या धुक्यात आणि ठोसेघरच्या तुषारांतही तेच होतं. फ्लॅश बंद करा. निळ्या आकाशात एफ १६ ला दिसणारे करडे डाग ही सेन्सरवरची धूळ असते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चौकोनी ठोकळ्यांत दिसत असेल तर तो ‘फुटलाय’, त्यात नॉइज शोधू नका. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून आकार कमी करतं, ते उघडे पडलेले असतात. मला पाठवलेले पहिले तीन फोटो तसेच होते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवल्या.

दाणे पुसण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचारलंय. रंगीत दाणे आधी घालवा, त्याने तपशील फारसा जात नाही. उजेडाचे करडे दाणे थोडे राहू द्यावेत, कागदावर छापल्यावर ते दिसतही नाहीत. एआय वापरणारं डीनॉइज, लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं किंवा डीएक्सओचं डीपप्राइम, ही खरोखर कामाची साधनं आहेत आणि हळदीच्या फोटोंना मी ती जरूर लावीन. पण फुलांवर जपून. दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंबांचे बारीक केस असतात. जोर जास्त झाला तर सॉफ्टवेअर ते केस पुसतं किंवा नसलेले केस घालतं. वनस्पती ओळखायला तो फोटो कुणी वापरणार असेल तर ही चूक गंभीर आहे. अशा फोटोंबरोबर मूळ रॉ फाइल जपून ठेवत जा.

राहिला सेन्सरचा संशय. तो तुमचा तुम्ही घरी दहा मिनिटांत तपासू शकता. लेन्स काढून बॉडीला टोपी लावा, व्ह्यूफाइंडरवर काळं कापड टाका, नॉइज कमी करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा आणि रॉमध्ये फोटो काढा: आयएसओ १०० ला १/१०० सेकंद, मग आयएसओ १६०० ला १/१००, आणि शेवटी आयएसओ १६०० ला ३० सेकंद. पहिला फोटो शंभर टक्के मोठा करूनही निव्वळ काळा दिसला पाहिजे. दुसऱ्यात बारीक, एकसारखी भुरभुर चालेल. तिसऱ्यात काही रंगीत ठिपके येणारच, आणि कडेला हलकी जांभळट झाक आली तरी जुन्या कॅमेऱ्यात ती असते. पहिल्याच फोटोत उभ्या-आडव्या रेषा, अर्ध्या चौकटीचा रंग वेगळा किंवा ठरावीक नक्षी दिसली तर आणि तरच सेन्सरमध्ये किंवा आतल्या सर्किटमध्ये बिघाड असू शकतो.

तसं निघालं तर अधिकृत सेवा केंद्रात या तिन्ही रॉ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. जेपेग किंवा पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो नेऊ नका. तिथल्या माणसाला फक्त ‘दाणे येतात’ असं सांगितलं तर तोही अंदाजच बांधणार. काळ्या फोटोवरची रेषा दाखवली की त्याला बोट ठेवायला जागा मिळते. आणि पहिला फोटो काळा आला, जे मला तुमच्या बाकीच्या फाइल पाहून जवळपास नक्की वाटतं, तर पुढच्या रविवारी तीच लेन्स घेऊन एफ ५.६, १/२५० वर पुन्हा कासला जा. टोपली कारवीचा बहर सात वर्षांनी येतो, पण तेरडा अजून दोन-तीन आठवडे आहे.